लाइट लागली तेव्हा गाडी कोण चालवत होतं

आमच्या घरात एखादी वस्तू बिघडली की ती कशानं बिघडली हे कुणी विचारत नाही. कुणाच्या हातात होती, तेवढं विचारतात. मिक्सर जळाला, कुणी लावला होता? नळ गळतोय, शेवटी कुणी बंद केला? हे सगळ्यांच्या इतकं अंगवळणी पडलंय की त्यात काही चुकतंय असं कुणाला वाटतच नाही. मी मात्र शेंद्र्याच्या एमआयडीसीतल्या एका कंपनीत क्वालिटीत काम करते, आणि तिथं आम्ही दिवसभर नेमकं याच्या उलट वागतो. मशीनवरून खराब माल निघायला लागला की मशीनवर उभ्या असलेल्या माणसाकडं बोट दाखवायचं नाही, असा तिथं दंडकच आहे. आधी विचारायचं, कालपासून बदललं काय? ड्रिल बदललं का, लोखंड दुसरीकडून आलं का, सेटिंगला कुणी हात लावला का? माणसाची पाळी सगळ्यात शेवटी येते, आणि बहुतेक वेळा येतच नाही. संध्याकाळी पुंडलिकनगरच्या घरी आले की चपला काढता काढता हा नियमही दाराबाहेर काढून ठेवावा लागतो.

गाडी माझी आहे. हे आधीच सांगते, कारण पुढं ते सगळेच विसरणार आहेत. माझ्या पगारातून घेतलेली छोटी पांढरी गाडी. त्याआधी कंपनीच्या बसनं जायचे, पहाटे कोपऱ्यावर उभी राहायचे. गाडी आल्यावर मुकुंदवाडीहून दोन मैत्रिणी सोबत यायला लागल्या. आरसा माझ्या उंचीला बसवलेला, सीट माझ्या पायाच्या मापानं पुढं ओढलेली. एवढ्या साध्या गोष्टीचा किती आनंद असतो, हे ज्यांची सीट कायम त्यांच्याच मापाची असते त्यांना नाही कळायचं.

दसऱ्याच्या आधी कंपनीनं ट्रेनिंगसाठी मला पुण्याला पाठवलं. परत आले तेव्हा धाकटे भाऊजी फाटकात उभे होते. भाऊजी म्हणजे माझे दीर. आमच्यातच राहतात आणि वाळूजच्या कंपनीत शिफ्टनं जातात. मला म्हणाले, "वहिनी, डोळे मिटा." मी बॅग हातात घेऊन डोळे मिटले. पुढच्या क्षणी असा काही गुरगुराट झाला की समोरच्यांचं कुत्रं गल्लीच्या टोकापर्यंत पळत गेलं. डोळे उघडले तर गाडीच्या मागं सायलेन्सरचा नवा, चांगला मुठीएवढा चकचकीत पाइप.

"दसऱ्याला गाडीला दागिना केला," भाऊजी म्हणाले. "आवाज ऐका ना फक्त. लई भारी बसलाय."

त्यांनी हौसेनं केलं होतं, हे खरं आहे. पण हौस त्यांची आणि गाडी माझी. माझ्या कपाटातली साडी मला न विचारता कुणी फाडून तिचा ड्रेस शिवला असता तर घरात केवढा गहजब झाला असता! गाडीचं मात्र सगळ्यांना कौतुक. सासूबाई म्हणाल्या, "हौस हाय त्याला, करू दे." दुसऱ्या दिवशी दसरा. बॉनेटवर हळदीकुंकू, झेंडूची माळ, चाकाखाली लिंबू. सणासुदीला तोंड वाकडं कशाला करायचं म्हणून मी गप्प बसले.

दिवाळी जवळ आली होती. एका सकाळी केंब्रिज चौक ओलांडला आणि स्पीडोमीटरच्या खालच्या कोपऱ्यात पिवळी लाइट लागली. इंजिनाचं छोटंसं चित्र. गाडी चालत होती, धक्के नाहीत, काही नाही, फक्त ती लाइट विझेना. मैत्रीण म्हणाली, "अगं, हे काय?" मी म्हटलं, "इंजिन तपासून घ्या असं सांगतेय." तिनं नाकाला रुमाल लावला, "आधी हा वास तपास." गाडीत सारखा पेट्रोलचा वास येत होता, तोही दसऱ्यापासूनच.

रात्री जेवताना मी ते सांगितलं. माझ्या नवऱ्याचा पहिला प्रश्न, "क्लचवर पाय ठेवून चालवतेस का?" भाऊजींनी भाकरी मोडता मोडता विचारलं, "स्पीडब्रेकरवर कुठं आपटली का वहिनी?" मी म्हटलं, गाडीत बदललंय काय, तर सायलेन्सर. त्यावर दोघंही हसले. सायलेन्सरचा आणि इंजिनाचा काय संबंध, असं ते हसणं होतं.

शनिवारी सर्व्हिस सेंटरला गेलो. मी नको म्हणत असताना नवरा सोबत आला. तिथल्या माणसानं स्टिअरिंगखाली वायर लावली, मशीनवर काहीतरी वाचलं, वाकून गाडीखाली पाहिलं. मी त्याच्यासमोर उभी, चावी माझ्या हातात, कागदावर नाव माझं. त्यानं माझ्या खांद्यावरून पलीकडं पाहत नवऱ्याला सांगितलं, "सर, बाहेरून काम केलेलं आहे, आम्ही याला हात लावणार नाही. गाडी मॅडम चालवतात का?"

"हो," नवरा म्हणाला.

"मग जरा हळू चालवायला सांगा."

माझ्या कानशिलांतून वाफा निघायच्या बाकी होत्या. मी विचारलं, "मशीनवर काय आलं?" तो म्हणाला, "सरांना सांगितलंय मॅडम." आणि सरांनी त्यातलं काय ऐकलं? बाहेरून काम केलंय, हे नाही. हळू चालवायला सांगा, तेवढंच. घरी येईपर्यंत तेच ऐकवत होते.

मग भाऊजींनी पुढाकार घेतला. "वहिनी, तुम्ही नका टेन्शन घेऊ. मी बघतो." ज्या बजाजनगरच्या गॅरेजात पाइप बसवला तिथंच गाडी घेऊन गेले आणि तासाभरात परत आले. लाइट गेलेली. सगळे खूश. काही दिवस बरे गेले, आणि शेंद्र्याच्या रस्त्यावर लाइट पुन्हा लागली.

आता हे काय असतं ते सांगते, कारण माझा सगळा राग इथं अडकला आहे. गाडीच्या कॉम्प्युटरमधली तक्रार मशीन लावून पुसता येते. पुसली की लाइट जाते. पण बिघाड तिथंच असतो, आणि गाडी काही दिवस चालली की कॉम्प्युटरला तो पुन्हा सापडतो. म्हणजे पुसून आणणाऱ्याच्या हातात लाइट कधीच लागणार नाही. रोज चालवणारीच्या हातात लागणार. आमच्या घरानं यातून काय अर्थ काढावा? नवरा म्हणाला, "तो आणतो तेव्हा गाडी नीट असते. तुझ्या हातात गेली की लाइट येते. मग तूच सांग."

मी काय सांगणार होते! भाऊजी समोरच बसले होते. एक शब्द बोलले नाहीत.

मी फोनला जोडायचा छोटा स्कॅनर ऑनलाइन मागवला. म्हटलं, मला कुणी सांगत नाही ना, मीच वाचते. तो येईपर्यंत भाऊजी पुन्हा गाडी घेऊन बजाजनगरला जाऊन आले. या वेळी आल्यावर त्यांनी सासूबाईंना बाहेर बोलावलं. लाइट गेली होती, आणि मीटरच्या काचेवर देवीचं स्टिकर लावलेलं. रुपयाएवढं गोल, सोनेरी कडेचं. मित्रांबरोबर तुळजापूरला गेले होते, तिथून आणलेलं. "आता देवी बसवली, आता नाय येत लाइट," भाऊजी म्हणाले. सासूबाईंनी खिडकीतून हात जोडले. मीही जोडले.

स्कॅनर आला तो ड्रॉवरमध्ये टाकला. लाइटच नाही, तर वाचायचं काय?

पण वास तसाच होता. मैत्रिणी खिडक्या उघड्या ठेवून बसायच्या आणि कंपनीत उतरल्यावर डोकं धरायच्या. गाडी पेट्रोलही जास्त प्यायला लागली. ते नवऱ्याच्या लक्षात आलं आणि मग निकालच लागला. "काही दिवस कंपनीच्या बसनं जा," तो म्हणाला. "गाडीला जरा आराम दे. भाऊ बघेल." दाराजवळच्या खुंटीवर लटकणारी माझी चावी भाऊजींच्या खिशात गेली. कुणी ओरडलं नाही, भांडण नाही, काही नाही. खुंटी रिकामी, बस्स. मी पुन्हा पहाटे कोपऱ्यावर उभी राहायला लागले, आणि माझी गाडी माझ्यासमोरून गुरगुरत वाळूजला जायला लागली. इतका अपमान मला माझ्या आयुष्यात झालेला आठवत नाही. मुळात गाडी गेली म्हणून नाही. मी बिघडवली, हे ठरलं म्हणून. नातेवाइकांत सांगून झालं, शेजारी सांगून झालं. मैत्रिणींनीसुद्धा विचारलं, "नक्की क्लच नाही ना गं?"

मग एक दिवस सासूबाईंचा गुडघा धरला. भाऊजी रात्रपाळी करून वर झोपलेले, नवरा ऑफिसात, आणि मला सुट्टी. सासूबाईंनीच भाऊजींच्या शर्टातून चावी काढून आणली आणि म्हणाल्या, "चल बाई, तूच ने दवाखान्यात." मी बसले. सीट मागं ढकललेली, आरसा आभाळाकडं. सगळं जागेवर आणलं आणि चावी अर्धी फिरवली.

चावी फिरवली की इंजिन सुरू व्हायच्या आधी मीटरवरच्या सगळ्या लाइटी क्षणभर लागतात. बॅटरीची, ऑइलची, इंजिनाची. आम्ही जिवंत आहोत हे दाखवायला. कंपनीत आम्ही मोजायला बसण्याआधी मोजायचं साधन तपासतो, तसंच हे. त्या दिवशी बॅटरीची लाइट लागली, ऑइलची लागली, इंजिनाची लागली नाही. नीट गाडीतही ती लागायलाच हवी. मी चावी बंद करून पुन्हा फिरवली. पुन्हा तेच. मग मी त्या कोपऱ्याकडं पाहिलं. तिथं देवी होती.

आजवर माझ्या मनात शंका का आली नव्हती? कारण देवीच्या मागं काय आहे हे कोण बघतं? ते ज्यानं ओळखलं त्यानं बरोब्बर ओळखलं होतं. चिकटपट्टी लावली असती तर मी त्याच संध्याकाळी काढली असती.

मी नखानं स्टिकरची कड उचलली. सासूबाई दार उघडून बसायच्या बेतात होत्या, त्या किंचाळल्याच, "अगं, काय करतीस? देवी हाय ती!"

"आई, खाली बघा," मी म्हटलं.

स्टिकर निघालं. खाली पिवळी लाइट जळत होती. मी इंजिन सुरू केलं, तरी ती जळतच होती. किती दिवस तिथं तशीच जळत होती, आणि वरून आम्ही सगळे हात जोडत होतो.

सासूबाईंनी विचारलं, "म्हंजे ही गेलीच नव्हती?"

"नाही."

"अन् हे त्यानं लावलं, ठावं असून?"

त्यांनी माझ्या हातातून स्टिकर घेतलं, तळहातावर ठेवलं, पदरानं पुसलं, आणि दवाखान्यात जाऊन येईपर्यंत मुठीत धरून बसल्या. घरी आल्यावर देवघरात ठेवलं. त्यावर एक अक्षर बोलल्या नाहीत, आणि मला त्यांचाही राग आला.

मी ड्रॉवरमधून स्कॅनर काढला, गाडीत जाऊन लावला आणि पहिल्यांदा स्वतःच्या डोळ्यांनी वाचलं. सायलेन्सरच्या पाइपात धूर साफ करणारी जाळी असते. तिच्या आधी एक सेन्सर, नंतर एक. दोघांनी वेगवेगळं सांगितलं तर जाळी काम करतेय. दोघं एकच सांगायला लागले तर लाइट. माझ्या गाडीत दोघं एकच सांगत होते. जाळी काम करत नाही, अशी तक्रार होती. करणार कशी? नव्या पाइपात जाळीच नव्हती. क्लचचा त्यात उल्लेख नव्हता, स्पीडब्रेकरचा नव्हता, माझा तर नव्हताच.

जुना पाइप गच्चीवर, पाण्याच्या टाकीमागं गोणपाटात गुंडाळून पडलेला होता. मी रोज त्याच्या शेजारी कपडे वाळत घालायचे. मागची सीट पाडून तो गाडीत घातला. भाऊजी झोपलेलेच होते. तशीच बजाजनगरला गेले.

गॅरेजवाल्यानं गाडी ओळखली. मी म्हटलं, नवा काढा, जुना बसवा. तो म्हणाला, "दादाला इचारलं का?"

"गाडी माझी आहे."

"व्हय, पर दादाला इचारलं का?"

मी त्याला सांगितलं, आरसी बुकावर कुणाचं नाव आहे ते बघा आणि मग पाना उचला. तो हसला. काम करता करता त्यानं दाखवलं की नव्या पाइपाच्या जोडातूनही इंजिनाचा धूर गळत होता. वास त्याचाच, आणि त्यामुळं पहिला सेन्सर फसत होता आणि इंजिन जास्त पेट्रोल ओढत होतं. त्यानंच बसवलेला जोड, पण सांगताना दुसऱ्याच कुणाचा असल्यासारखं सांगितलं. मग म्हणाला, "ताई, लाइटचं म्हणाल तर आमी पैल्याच दिवशी सांगितलं व्हतं दादाला. जाळी काढली की लाइट येणारच. ते म्हनले, चालतंय, बघून घेऊ."

पहिल्याच दिवशी! म्हणजे भाकरी मोडत "स्पीडब्रेकरवर आपटली का" असं विचारलं तेव्हा भाऊजींना माहीत होतं. नवरा मला क्लच शिकवत होता तेव्हा माहीत होतं. मी पहाटे कोपऱ्यावर उभी होते आणि ते माझ्यासमोरून माझी गाडी घेऊन गेले, तेव्हाही माहीत होतं. मला खरंच रडू आलं. गॅरेजात रडायचं नाही म्हणून मी बाहेर जाऊन टपरीवर पाण्याची बाटली घेतली.

घरी आले तर भाऊजी फाटकातच. गाडीचा आवाज नाही हेच आधी त्यांच्या लक्षात आलं. "वहिनी, पाइप काढला?"

"लाइट येणार हे तुम्हाला सांगितलं होतं ना त्यानं?"

ते जरा ओशाळले आणि मग हसले. "अहो वहिनी, लाइटच होती ना. मी म्हटलं थोडे दिवस आवाज ऐकू. तुम्ही एवढं मनाला कशाला लावून घेता?"

रात्री मी सगळं नवऱ्याला सांगितलं. चावी मी खुंटीवर लावली नाही, पर्समध्ये ठेवली. म्हटलं, आता कंपनीतल्यासारखं करू. चालवणारी तीच, रस्ता तोच, पेट्रोल पंप तोच. बदलला फक्त पाइप. लाइट आली तर मी गाडी चालवायची सोडते. लाइट नाही आली तर तुम्ही मला एक वाक्य म्हणायचं. नवरा म्हणाला, "कसलं वाक्य?" मी म्हटलं, तुम्हाला सुचेल.

लाइट नाही आली. दिवाळी केव्हाच सरली होती, थंडी पडली, शेंद्र्याच्या रस्त्यावर सकाळी धुकं दिसायला लागलं, लाइट नाही आली. वास गेला. मैत्रिणी खिडक्या लावून बसायला लागल्या. आणि ते वाक्य? ते कुणाला सुचलंच नाही. एकदा मी आठवण करून दिली तर नवरा म्हणाला, "मिटलं ना आता? मग कशाला उकरतेस?" मिटलं म्हणे! ज्याच्यावर आळ होता त्याला कुणी विचारलं का, तुझ्यापुरतं मिटलं का म्हणून?

संक्रांतीला सासूबाईंचे भाऊ आले. सगळे त्यांना मामा म्हणतात. तिळगूळ झाला, जेवणं झाली, आणि त्यांना बस स्टँडवर सोडायची वेळ आली. पाहुण्यांच्या गर्दीत पर्स आत ठेवून दिली होती, म्हणून चावी मी खुंटीवर लावली होती. भाऊजींनी सहज हात लांब करून ती उचलली. मामांनी विचारलं, "गाडी बरी हाय का आता? मधी कायतरी झालं व्हतं म्हनं." नवरा चप्पल घालता घालता म्हणाला, "हिनं पार बिघडवून ठेवली होती मामा. यानं नीट करून आणली."

मी ताट हातात घेऊन उभी होते. खरं सांगते, त्या क्षणी मला भांडायचंही बळ राहिलं नव्हतं.

"तिनं नाय बिघडवली," सासूबाई म्हणाल्या.

गोड बोलण्याच्या दिवशी त्यांचा आवाज भांड्यावर भांडं आपटावं तसा होता. "यानं बिघडवली. पाइप बदलला, लाइट येनार ठावं असून गप बसला, अन् वरून देवी चिटकवली. मी रोज हात जोडले तिला." त्यांनी भाऊजींकडं पाहिलं. "अन् तुमी सगळ्यांनी तिला बोल लावला. मी बी लावला. चावी दे तिला. मामाला तीच सोडंल."

भाऊजींनी चावी माझ्या हातात दिली. नवरा चपलेचा पट्टा लावत राहिला, तो लागायचं नाव घेईना.

सासूबाई गुडघा धरत आल्या आणि माझ्या शेजारी पुढच्या सीटवर बसल्या. मामा मागं बसले. मी सीट पुढं ओढली, आरसा नीट केला, चावी फिरवली. पिवळी लाइट लागली, आणि इंजिन सुरू होताच विझली. फाटकाबाहेर गाडी काढली तोच मागून मामा म्हणाले, "हळू चालव बरं, पोरी."

मी काही बोलायच्या आत सासूबाई मागं वळल्या.

"तू गप बैस. गाडी ती चालवती."